आई, तू ऐकायच्या आधीच ठरवलेलं असतंस

पत्र :

सर, सप्रेम नमस्कार. गेली अकरा वर्षं मी दर आठवड्याला नव्या चित्रपटांवर आणि नव्या पॉप गाण्यांवर लिहिते. वय ४२. सुरुवातीला नवा चित्रपट लागायची वाट बघायचे. आता तो दिवस जवळ आला की पोटात गोळा येतो. चित्रपट एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटतात आणि गाणी सुरू होता होता संपतात. मागच्या महिन्यातली माझी सहा परीक्षणं परवा ओळीने वाचली. सहापैकी पाचांत 'आता पूर्वीसारखं राहिलं नाही' या अर्थाचं वाक्य होतं. त्याच संध्याकाळी माझ्या सोळा वर्षांच्या मुलीने तिचं आवडतं गाणं मला ऐकवलं, दोन मिनिटं वीस सेकंदांचं. पहिल्या अर्ध्या मिनिटातच मी म्हणाले, 'याला चाल कुठाय?' तिने हेडफोन परत घेतला आणि म्हणाली, 'आई, तू ऐकायच्या आधीच ठरवलेलं असतंस.' ते मला फार लागलं. दुसरीकडे, सगळ्यांनी डोक्यावर घेतलेल्या एका चित्रपटाला मी पाचपैकी दोन स्टार दिले आणि आठवडाभर शिव्या खाल्ल्या. खरं सांगा, नवं पडलंय की मी म्हातारी झाले? आणि झाले असेन, तर लिहिणं थांबवावं का?

— एक समीक्षक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितलीत : आपलीच सहा परीक्षणं ओळीने वाचली. आपल्या कामात हे फारसं कोणी करत नाही. लिहिलं, छापून आलं, की पुढचा चित्रपट. मी पस्तीसेक वर्षं हे करतोय आणि त्यातली पहिली वीस वर्षं मीही मागे वळून पाहिलं नव्हतं. म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. लिहिणं थांबवू नका. पण आत्ता लिहिताय तसंही चालू ठेवू नका.

'नवं पडलंय की मी म्हातारी झाले' यातला तो 'की' मला मान्य नाही. दोन्ही थोडं थोडं खरं आहे. दोन्हींचा हिशोब वेगवेगळा मांडायला हवा, नाहीतर एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी बसतं.

आधी वयाचं. माणसाला मागचं आठवायला सांगितलं की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत दाट येतात, हे मानसशास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा पाहिलंय, आणि गाण्यांच्या बाबतीत ते विशेष ठळक दिसतं. दुसरी गोष्ट रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडली : एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आपल्याला आवडू लागते. आता या दोन्ही गोष्टी तुमच्या टेबलावर ठेवून बघा. सोळाव्या वर्षी तुम्ही एक गाणं शंभरदा ऐकलंत. रडताना, पावसात, कोणाची तरी वाट बघताना. बेचाळिसाव्या वर्षी, मजकूर द्यायची वेळ डोक्यावर असताना, नवं गाणं तुम्ही दीडदा ऐकता. मग ते शंभरदा ऐकलेलं आणि हे दीडदा ऐकलेलं शेजारी शेजारी ठेवून निकाल देता. हा सामना बरोबरीचा नाही. तुमच्या मुलीला एवढंच म्हणायचं होतं, असं मला वाटतं. म्हातारपणाचा आरोप तिने केलेलाच नाही, तो तुम्ही स्वतःवर ओढवून घेतला.

आता 'याला चाल कुठाय' या प्रश्नाकडे वळतो. तो मला खोडून काढायचा नाही. तो गंभीरपणे घ्यायचाय, कारण नव्या पॉप संगीताबद्दलचा सगळा गैरसमज त्या तीन शब्दांत आहे.

गाणं तोकडं आहे, ही तक्रार आधी बाजूला काढू. तीन मिनिटांचं गाणं हे कोणा कवीने ठरवलेलं माप नव्हतं. दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचंच ध्वनिमुद्रण मावायचं, म्हणून गाणी तेवढी झाली. १९४८ मध्ये लांब वाजणारी एलपी आली, पुढच्याच वर्षी ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आली, आणि गाण्याने पुन्हा त्या त्या भांड्याचा आकार घेतला. आजचं भांडं स्ट्रीमिंगचं आहे. स्पॉटिफाय या गाणी ऐकायच्या ॲपवर गाणं ३० सेकंद ऐकलं गेलं तरच ते वाजलं असं धरतात. साहजिकच जो तो पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकणाऱ्याला धरून ठेवायला बघतो. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या एका संशोधकाने १९८६ ते २०१५ या काळातली लोकप्रिय गाणी तपासली, तेव्हा आवाज सुरू होण्याआधीचा वाद्यांचा तुकडा २० सेकंदांहून अधिक होता तो ५ सेकंदांच्या आसपास आलेला दिसला. तुम्ही आणि मी त्या वीस सेकंदांत गाण्याच्या घरात शिरायचो, चपला काढायचो, बसायचो. आता दार उघडताच यजमान बोलायला लागतो. हे मला अजूनही खटकतं. पण खटकलं म्हणून पुढचं बोलणं वाईटच असेल, असं धरून चालता येत नाही.

आणि चाल. आपण ज्याला चाल म्हणतो ती सुरांची चढउतार. गुणगुणता येते, पेटीवर काढता येते. पुष्कळशा नव्या गाण्यांत ही चढउतार खरंच लहान असते, तीन-चार सुरांत फिरते. पण रचना नाहीशी झालेली नसते, तिची जागा बदललेली असते. ती आवाजाच्या पोतात गेलेली असते. कुठला आवाज किती जवळ आहे, कुठला लांबून भिंतीपलीकडून आल्यासारखा आहे, मुखडा परत यायच्या आधी अर्ध्या मात्रेपुरतं सगळं कसं थांबतं, या सगळ्यात. पेटीवर काढायला गेलात तर हातात काहीच येणार नाही आणि तुम्ही म्हणाल, काही नव्हतंच.

गेल्या आठवड्यातलं सांगतो. एक नवं गाणं ऐकत होतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वहीत लिहिलं, 'सपाट'. दुसऱ्यांदा ऐकताना दुसऱ्या अंतऱ्यात ठेका एकदम काढून घेतल्याचं जाणवलं. मागे फक्त चुटकी आणि गायिकेचा आवाज. तिसऱ्यांदा कळलं की जिथे ड्रमचा ठोका यायला हवा, नेमक्या त्या जागी तिचा श्वास ठेवलाय. घाईने आत ओढलेला श्वास. चार वेळा ठोक्याऐवजी श्वास, आणि पाचव्या वेळी, जेव्हा कान श्वासाची वाट बघू लागलेला असतो, तेव्हा तिथे काहीच नाही. रिकामी जागा. गाणं कोणीतरी सोडून गेल्याबद्दल होतं. शब्दांत ते ढोबळपणे सांगितलेलं होतं, पण खरं दुःख त्या पाचव्या जागी होतं. ही कोणाची तरी चाल आहे. कोणीतरी बसून, ऐकून, कापून, पुन्हा जोडून ती बांधली आहे. मी पहिल्या ऐकण्यावर लिहिलं असतं तर वाचकांना 'सपाट' एवढंच कळलं असतं.

यंत्राची तक्रारही तुमच्या मनात असणार, पत्रात नसली तरी. आवाज सुरात ओढून घेणारं ऑटोट्यून १९९७ मध्ये आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलाच्या शोधासाठी जमिनीखालच्या लहरींचं विश्लेषण करत होते. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह'मध्ये ते लपवून न वापरता उघडपणे वापरलं गेलं आणि तेव्हापासून वाद सुरू आहे. पण त्याच्याही कितीतरी आधी, १९२५ च्या सुमाराला मायक्रोफोन वापरून विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि गायकांना ओरडावं लागेना. ते कानाशी येऊन हळू गाऊ लागले. १९३२ मध्ये बॉस्टनच्या कार्डिनलांनी, म्हणजे तिथल्या कॅथलिक चर्चच्या बड्या धर्मगुरूंनी, या हळुवार गाणाऱ्यांचा जाहीर निषेध केला होता. आज आपण जिव्हाळ्याचं गाणं म्हणतो ते बरंचसं त्या गुणगुणण्यातूनच आलंय. माझं मत विचाराल तर सुराला कच्च्या गळ्यावर पांघरूण म्हणून ऑटोट्यून वापरलं की मला ते लगेच बोचतं. पण रंग म्हणून वापरलं, आवाज मुद्दाम माणसाचा न वाटावा म्हणून वापरलं, तर ते वाद्यच आहे आणि वाद्य म्हणूनच तपासावं : इथे हवं होतं का?

ऐकण्याबद्दल एक अगदी साधी सूचना. मुलीबरोबर गाणं ऐकताना एक कान तिला, एक तुम्हाला असं वाटून घेऊ नका. निम्मं गाणं तिच्याकडे जातं. डाव्या-उजव्या बाजूला काय ठेवलंय त्यावर आजकाल फार काम झालेलं असतं. आणि दोन गाण्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. जरा मोठ्याने वाजणारं गाणं कानाला आपोआप चांगलं वाटतं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज कमी केला की खर्जातले स्वर कानाला जास्तच कमी ऐकू येतात. मिक्सिंग करणारी, म्हणजे गाण्यातले सगळे आवाज एकत्र जुळवणारी माणसं म्हणूनच तेच गाणं मोठ्या स्पीकरवर, साध्या छोट्या स्पीकरवर आणि गाडीत असं सगळीकडे वाजवून बघतात. लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकून 'बेसच नाही' असं लिहिलेलं परीक्षण मी वाचलंय. लिहिणारी व्यक्ती चांगली जाणकार होती, म्हणून जास्त वाईट वाटलं.

आता चित्रपट. इथे तुमच्या तक्रारीत मला जास्त दम वाटतो.

'एकाच साच्यातून काढल्यासारखे' हे तुमचे शब्द. पण हे वाक्य परीक्षणात लिहिलं की वाचकाच्या हाती काय लागतं? साचा कुठला, कोणी केला, पडद्यावर नेमका कुठे दिसला, हे लिहिलंत तर तेच वाक्य कामाचं होईल. पार्श्वसंगीताचं उदाहरण घ्या. संकलन चालू असताना संगीत तयार नसतं, म्हणून संकलक दुसऱ्या कुठल्या तरी चित्रपटाचं संगीत तात्पुरतं लावून काम करतो. महिनोन्‌महिने तेच ऐकून दिग्दर्शकाचं त्यावर प्रेम बसतं. मग संगीतकाराला बोलावून सांगतात, 'असंच काहीतरी दे.' दहा चित्रपटांनी एकाच चित्रपटाचं संगीत तात्पुरतं लावलं की दहाही सारखे ऐकू येतात. हे प्रेम किती घट्ट असतं बघा : दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी '२००१ : अ स्पेस ओडिसी'साठी संगीतकार ॲलेक्स नॉर्थ यांच्याकडून संगीत करून घेतलं, पण १९६८ मध्ये चित्रपट आला तो आधी वापरलेल्या शास्त्रीय रचनांसह. आपलं संगीत त्यात नाही, हे नॉर्थना चित्रपट पाहतानाच कळलं. तिथे कुब्रिक यांची निवड चित्रपटाला तारून गेली, असं माझं ठाम मत आहे. पण ज्यांच्याकडे तो कान नाही त्यांच्या हातात हीच सवय साचा बनते.

किंवा शॉटची लांबी. १९३० ते १९६० या काळातल्या हॉलिवूडपटांत एक शॉट सरासरी ८ ते ११ सेकंद टिकायचा, असं डेव्हिड बोर्डवेल या अभ्यासकाने मोजून मांडलंय. शतक संपेपर्यंत तो ३ ते ६ सेकंदांवर आला. तुम्हाला दमल्यासारखं वाटतं त्यात या सेकंदांचा वाटा असू शकतो. पुढचा हाणामारीचा प्रसंग पाहताना एवढंच बघा, कोण कुठे उभा आहे हे तुम्हाला कळतंय का? कळत असेल तर दोन सेकंदांचे शॉटही चालतात. कळत नसेल तर तसं लिहा, प्रसंग सांगून लिहा. 'वेगवान संकलन' हा शब्द तोवर वापरू नका.

आणि काही गोष्टी सरळ बिघडल्यात, त्या बिघडल्या म्हणायला तुम्ही कचरू नये. ट्रेलरमध्ये तीन चतुर्थांश गोष्ट सांगून टाकतात. पात्रं आत्ता काय करताहेत ते तोंडाने बोलून दाखवतात, जणू समोरचा प्रेक्षक फोनमध्ये मान घालूनच बसलाय असं आधीच धरलंय. कुजबुज ऐकू येत नाही आणि स्फोटाने कान बसतो. यावर कडक लिहा. मी तुमच्या बाजूने आहे.

पण कडक लिहिण्याआधीची एक गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. ती माझीच आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका महोत्सवात दिवसातला चौथा चित्रपट मी पाहत होतो. त्यात एक प्रसंग होता. एका बाईला फोनवर कोणीतरी गेल्याची बातमी कळते. कॅमेरा तिच्या पाठीमागे, हलत नाही. चेहरा दिसत नाही. दीड-दोन मिनिटं फक्त पाठ. परीक्षणात मी लिहिलं की दिग्दर्शकाला कुठे कापायचं ते कळत नाही, आणि अभिनेत्रीचा चेहरा न दाखवून त्याने तिच्यावर अन्याय केलाय. वाक्य जोरदार जमलं होतं. मला त्याचा अभिमानही वाटला होता. चार-पाच वर्षांनी घरी, सकाळच्या वेळी, तोच चित्रपट पुन्हा पाहिला. त्या प्रसंगात तिचा डावा हात टेबलावर असतो. बातमी ऐकायच्या आधी ती टेबलक्लॉथचा एक सुटलेला दोरा बोटाभोवती गुंडाळत असते. बातमी येते, ती 'हो, हो' म्हणते, आणि बोट तो दोरा गुंडाळतच राहतं. घट्ट, आणखी घट्ट, बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत. फोन ठेवल्यावर ती आधी तो दोरा सोडवते. सावकाश. मग वळते. चेहरा दाखवला असता तर मी चेहरा पाहिला असता आणि तो दोरा मला दिसला नसता. दिग्दर्शकाला ते माहीत होतं. मला चौथ्या चित्रपटाच्या वेळी फक्त माझी दुखणारी पाठ माहीत होती.

मी पुन्हा लिहिलं आणि जुनं परीक्षण त्याच्या शेजारी ठेवलं. दिग्दर्शकापर्यंत ते पोचलं की नाही, मला ठाऊक नाही. पण पहिलं परीक्षण वाचून ज्यांनी तो चित्रपट पाहिला नाही त्यांचं काय, हे अजून मनातून जात नाही. म्हणून 'उचलली जीभ लावली टाळ्याला' ही म्हण ऐकली की मला तो दोरा आठवतो.

मत बदलल्याने पत जाते, अशी भीती तुम्हाला वाटेल. १९६७ चं 'बॉनी अँड क्लाइड'चं प्रकरण आठवा. न्यूजवीक या अमेरिकी साप्ताहिकाचे समीक्षक जो मॉर्गनस्टर्न यांनी त्या चित्रपटाला झोडपून काढलं. मग ते साध्या प्रेक्षकांबरोबर, भरल्या थिएटरात बसून तो पुन्हा पाहून आले, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच नियतकालिकात लिहिलं की माझं आधीचं परीक्षण अन्यायाचं आणि चुकीचं होतं. त्यानंतरही ते लिहीत राहिले आणि २००५ मध्ये त्यांना समीक्षेसाठीचं पुलित्झर हे मानाचं पारितोषिक मिळालं. त्याच चित्रपटावर न्यूयॉर्क टाइम्सचे बॉस्ली क्राउदर पुन्हा पुन्हा तुटून पडले, मागे हटले नाहीत. काही महिन्यांतच चित्रपट-समीक्षकाचं त्यांचं पद गेलं. क्राउदर लहान माणूस नव्हते. त्यांनी परदेशी चित्रपटांसाठी पुष्कळ केलं होतं. पण त्या वर्षी प्रेक्षक कशासाठी श्वास रोखून बसलेत हे मॉर्गनस्टर्न यांनी जाऊन पाहिलं, आणि माझ्या लेखी दोघांतला फरक तेवढाच आहे.

सगळे समीक्षक मिळून चुकतात असंही होतं. २५ जून १९८२ या एकाच दिवशी अमेरिकेत 'ब्लेड रनर' आणि 'द थिंग' लागले. दोन्हींचं स्वागत थंड झालं, 'द थिंग'वर तर टीकेचा भडिमार झाला. आज दोन्ही शिकवले जातात. त्याच महिन्यात एका प्रेमळ परग्रहवासीयाच्या चित्रपटाने सगळ्यांना जिंकलेलं होतं, आणि त्या मायेच्या लाटेत हे दोन काळोखे चित्रपट कोणाला नको होते. त्या वेळी कोण कुठल्या मनःस्थितीत थिएटरात शिरलं, याचा त्यात मोठा वाटा होता.

आता शिव्यांचं. सगळ्यांना आवडलेला चित्रपट तुम्हाला आवडला नाही, हा गुन्हा नाही आणि त्यासाठी माफी मागू नका. फक्त एक करा : तुमचं ते परीक्षण काढा आणि त्यात चित्रपटातला प्रसंग सांगून केलेली टीका कुठे आहे ती खुणा करून बघा. दोन-तीन ठिकाणी सापडली तर तुमची बाजू भक्कम आहे, शिव्या देणाऱ्यांना देऊ द्या. एकही सापडली नाही, सगळी विशेषणंच निघाली, तर शिव्या चूक असल्या तरी राग समजण्यासारखा आहे. लोकांनी त्या चित्रपटात स्वतःचं काहीतरी ठेवलेलं असतं. ते कुठे ठेवलंय हे तुम्ही पाहिलंत, असं त्यांना दिसलं तर नापसंतीही ते ऐकून घेतात. असं मी अनेकदा अनुभवलंय. अर्वाच्य लिहिणाऱ्यांना उत्तर देऊ नका. 'मला मात्र शेवटी रडू आलं, तुम्हाला का नाही आलं?' असं विचारणारा एक जरी असला तरी त्याला सविस्तर लिहा.

आणि स्टार. जमलं तर काही महिने ते देऊच नका. संपादक ऐकणार नाहीत, तरी विचारून बघा. आकड्यांची गंमत लोकांना नीट माहीत नसते. समीक्षकांची मतं एकत्र करणारं रॉटन टोमॅटोज हे संकेतस्थळ १९९८ मध्ये सुरू झालं. तिथली टक्केवारी म्हणजे चित्रपट किती चांगला आहे याचं माप नव्हे, किती समीक्षकांना तो एकंदरीत बरा वाटला याचं आहे. साठ टक्क्यांची रेघ ओलांडली की ताजा, नाहीतर सडका. शंभर जणांनी 'ठीक आहे' म्हटलं तर शंभर टक्के होतात. आणि जो चित्रपट पन्नास जणांच्या काळजाला भिडला आणि पन्नास जणांना असह्य झाला, तो पन्नास टक्के घेऊन सडक्यांत पडतो. मला तर पुष्कळदा असे अर्ध्यावर फाटलेले चित्रपटच पाहावेसे वाटतात. तुमचे दोन स्टार त्या गिरणीत जातात आणि तुमचं सगळं म्हणणं तिथे पीठ होऊन बाहेर पडतं.

नावडतीचं मीठ अळणी, ही आपल्या सगळ्यांची अडचण आहे. ज्या प्रकाराबद्दल आधीच अढी बसलीय त्यातलं मीठ चाखूनही लागत नाही. म्हणून मी स्वतःसाठी एक सवय लावून घेतली. जो संगीतप्रकार किंवा चित्रपटप्रकार मला सोसत नाही, त्याच्यावर वर्षातून दोनदा लिहायचं, पण त्यावर जीव असलेल्या कोणाच्या तरी शेजारी बसून पाहिल्या-ऐकल्यावरच. त्यांना मत विचारत नाही. 'नेमकं कुठे?' एवढंच विचारतो. भयपट मला कळायचे नाहीत. एका तरुण सहकाऱ्याने मला फक्त दारांकडे बघायला सांगितलं : उघडं दार चौकटीत कुठे ठेवलंय, पात्राची पाठ त्याच्याकडे आहे का. दोन महिन्यांत भयपट मला वाचता येऊ लागले. आवडू लागले असं नाही. पण त्यांच्यावर लिहिण्याचा हक्क मिळाला, असं मला वाटलं.

तुमच्या थकव्याबद्दल एकच शब्द. दर आठवड्याला सगळं पाहून सगळ्यावर लिहिणं हे कोणाच्याही जिवावर उठेल. संपादकांशी बोला आणि महिन्यातून एक आठवडा तरी असा मागून घ्या ज्यात तुम्ही एकाच गाण्यावर किंवा एका चित्रपटातल्या एकाच प्रसंगावर लिहाल. जागा तेवढीच, ऐवज एकच. त्या लेखात 'पूर्वी' हा शब्द वापरायचा नाही, एवढी एक अट स्वतःला घाला. पहिल्यांदा फार अवघड जाईल. मला गेलं होतं. हात आपोआप त्या शब्दाकडे जातो आणि तो नसला की मग समोर जे आहे ते बघावंच लागतं.

पहिला विषय तुमच्याकडे तयारच आहे. आज रात्री मुलीला सांगा की ते दोन मिनिटं वीस सेकंदांचं गाणं मला पुन्हा ऐकायचंय. दोन्ही कानांनी, शेवटपर्यंत, तीनदा, मध्ये एक अक्षर न बोलता. ती बहुतेक संशयाने बघेल. ऐकून झालं की आपलं मत सांगू नका, तिलाच विचारा : तुला यात कुठे सर्वांत जास्त काहीतरी होतं, मिनिट आणि सेकंद सांग. सोळा वर्षांची मुलं हे अचूक सांगतात. तो आकडा लिहून घ्या, तिथून दहा सेकंद मागे जा, आणि पुन्हा लावा. तिथे तुम्हाला काय ऐकू आलं ते मला कळवा. काहीच ऐकू आलं नाही, तर तेही कळवा.

तुमचा,
सदरलेखक